घरच्या घरी गाडीचं काम करायला पाने-गोट्या कुठल्या घ्याव्यात? रत्नागिरीतला माझा सात वर्षांचा अनुभव

गेल्या महिन्यात शेजारच्या पोराने सेकंड हँड स्विफ्ट घेतली आणि दुसऱ्याच दिवशी मोबाईल घेऊन आमच्या खळ्यात आला, म्हणाला दादा हा बघा १०८ नगांचा टूलकिट आहे, सगळंच आहे यात, घेऊ का? मी त्याला नको म्हटलं आणि मग का नको ते सांगताना चांगला तासभर गेला, तेव्हाच ठरवलं की हे सगळं एकदा नीट लिहून काढायचं. माझ्याकडे २०११ ची पेट्रोल वॅगन आर आहे आणि गेली सात वर्षं तिचं ऑइल, फिल्टर, प्लग, ब्रेक पॅड, बेल्ट, बॅटरी हे सगळं मी घरीच करतो. क्लच, गिअरबॉक्स, इंजिन खोलणं असल्या कामाला मी हात लावत नाही, ते गॅरेजमध्येच. आमचे नाना, म्हणजे माझे सख्खे काका, एसटीच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झाले, पाना कसा धरायचा इथपासून सगळं त्यांनी शिकवलं, त्यामुळे खाली जे चांगलं आहे त्यातलं बरंचसं त्यांचं आहे.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. मी रत्नागिरीत राहतो, घरापासून समुद्र जवळ, आणि इथे पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. पुण्या-सोलापूरकडच्या गाडीखाली वाकून बघा आणि आमच्याकडची त्याच वयाची गाडी बघा, फरक लगेच कळेल. खारी हवा, लाल चिखल आणि चार महिने ओल, त्यामुळे खालचा प्रत्येक नट-बोल्ट गंजून आपल्या जागी चिकटलेला असतो. पठारावरचा माणूस ज्या पान्याने काम भागवतो तो पाना इथे बोल्टचे कोपरे मारून टाकतो. म्हणून मी हत्याराबाबत जरा जास्तच काटेकोर आहे, आणि कोकणात नसलात तरी जुनी गाडी असेल तर तुम्हालाही याचा उपयोग होईल.

तर तो डबा. मीपण सुरुवात त्याच डब्याने केली होती, कंपनीचं नाव घेत नाही कारण तसले डबे दहा नावांनी मिळतात आणि आतला माल बराचसा सारखाच असतो. प्लास्टिकचा मोठा डबा, उघडला की चकचकीत गोट्यांच्या, म्हणजे नट-बोल्टवर बसवायच्या सॉकेटच्या, रांगा, बघूनच छान वाटतं. पहिल्या वर्षी ऑइल बदललं, एअर फिल्टर बदलला, काही त्रास नाही. मग पुढचे ब्रेक पॅड बदलायला घेतले. डाव्या चाकाच्या कॅलिपरचा, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागाचा, खालचा बोल्ट हलेना, मी गोटी लावून रॅचेटवर, म्हणजे मागेपुढे हलवून गोटी फिरवायच्या हँडलवर, जोर दिला आणि कट्‌ असा आवाज आला, वाटलं सुटला, पण बोल्ट तिथेच होता आणि गोटी फिरली होती. काढून बघितलं तर सहापैकी चार कोपरे गोल. रविवारची संध्याकाळ, चाक काढलेलं, सोमवारी सकाळी बायकोला चिपळूणला जायचं होतं. नाना आले, त्यांनी आधी बोल्टकडे बघितलंच नाही, गोटी हातात घेतली, आत बोट घातलं आणि म्हणाले, "अरे ही बारा कोपऱ्यांची आहे, गंजलेल्या बोल्टला ही लावतात काय?"

हे नीट समजून घ्या कारण सगळ्या खरेदीत हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. गोटीच्या आत बघितलंत तर काहींना सहा कोपरे असतात, काहींना बारा. बारावाली पटकन बसते, कारण तीस अंश फिरवली की पुढचा खाचा मिळतो, अडचणीच्या जागी ते बरं पडतं. पण ती बोल्टच्या कोपऱ्याच्या अगदी टोकाजवळ पकडते. सहावाली बोल्टच्या सपाट बाजूला जास्त लागून बसते. बोल्ट नवा असेल तर दोन्ही चालतात. गंजून जागा थोडी झिजलेली असेल आणि त्यात गोटी जरा सैल असेल, तर बारावाली कोपऱ्यावरून घसरते आणि घसरताना कोपरा घेऊन जाते. चांगल्या कंपन्यांच्या गोट्यांना आतले कोपरे मुद्दाम जरा गोलाई देऊन मोकळे ठेवलेले असतात, म्हणजे जोर बोल्टच्या कोपऱ्यावर न पडता बाजूवर पडतो, गोटीत बघितलं की डोळ्यांना दिसतं ते.

त्या दिवशी तो बोल्ट निघाला तो असा. नानांनी गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवलं, पहाटे उठून एक साइज लहान अशी सहा कोपऱ्यांची जाड गोटी हातोडीने ठोकून त्या गोल झालेल्या बोल्टवर बसवली, मग लांब टॉमी, म्हणजे गोटी फिरवायचा साधा दांडा, लावून झटका न देता हळूहळू दाब वाढवत नेला. सुटला. नवा बोल्ट साळवी स्टॉपजवळ मिळाला तोवर साडेदहा वाजले होते आणि बायको एसटीने गेली होती. त्यानंतर त्या डब्यातल्या गोट्या मी परत गाडीच्या खालच्या बाजूला वापरल्या नाहीत.

आता काय घ्यायचं. माझं म्हणणं असं की एकदम सेट घेऊ नका, जे काम समोर आहे त्याला लागेल ते घ्या पण ते चांगलं घ्या. त्या १०८ नगांमध्ये मोजून बघा, अर्धे तर स्क्रूचे बिट असतात, इंचातल्या गोट्या असतात ज्या आपल्याकडच्या गाडीला लागतच नाहीत, आणि ४ मिलिमीटर, ४.५ मिलिमीटर असल्या बारक्या गोट्या असतात ज्या मी सात वर्षांत एकदाही हातात घेतल्या नाहीत. मारुती किंवा कुठल्याही जपानी पद्धतीच्या गाडीला रोजच्या कामात फिरून फिरून ८, १०, १२, १४, १७ आणि १९ लागतात, बस. युरोपियन गाडी असेल तर १३, १५, १६, १८ पण लागतात आणि फुलासारख्या खाचेचे टॉर्क्स बोल्ट खूप असतात, तेव्हा फोक्सवॅगन-स्कोडावाल्यांनी टॉर्क्सच्या बिटांचा चांगला सेट आधी घ्यावा. बाकीच्यांनी आपल्या गाडीचे सहा-सात साइज सुटे घ्यावेत, सहा कोपऱ्यांचे, क्रोम व्हॅनेडियम पोलादाचे, अर्धा इंच ड्राइव्हचे (ड्राइव्ह म्हणजे रॅचेटचा जो चौकोनी खुंटा गोटीत बसतो त्याचं माप). मी तसे घेतले तेव्हा एक गोटी दीडशे-दोनशेच्या आतबाहेर पडली. १० ची मात्र दोन घ्या. बॅटरीच्या टर्मिनलला १०, प्लगच्या कॉइलला १०, एअर फिल्टरच्या डब्याला १०, प्लास्टिकच्या कव्हरला १०, आणि इंजिनच्या खाचेत पडून हरवते तीपण हीच.

अर्धा इंच ड्राइव्ह जोराच्या कामाला. बॉनेटखालच्या १०-१२ च्या बारीक बोल्टला तो फार जड होतो, हाताला अंदाज येत नाही आणि बारीक बोल्ट तुटतो. त्यासाठी नंतर मी तीन अष्टमांश इंचाचा एक रॅचेट आणि ८, १०, १२, १४ च्या लांब गोट्या घेतल्या, आणि खरं सांगायचं तर आज माझ्या हातात सगळ्यात जास्त वेळ तोच असतो. पाव इंचाचा मी घेतलेलाच नाही, गरज पडली नाही.

रॅचेट घेताना दुकानात कानाजवळ धरून हळूहळू फिरवून बघा. आत दात किती आहेत यावर तो किती जागेत फिरतो ते ठरतं, २४ दातांचा असेल तर पुढचा दात पकडायला हँडल १५ अंश हलवावं लागतं, ७२ दातांचा असेल तर ५ अंशांत काम होतं. अल्टरनेटरच्या बेल्टजवळ हात घातल्यावर १५ अंश हलवायलाही जागा नसते तेव्हा ही गोष्ट फार जाणवते. पण बारीक दात म्हणजे प्रत्येक दात नाजूक, म्हणून स्वस्तातला ७२ दातवाला घेण्यापेक्षा चांगल्या कंपनीचा ३६-४५ दातांचा घेतलेला बरा. आणि घट्ट बसलेला बोल्ट सोडवायला रॅचेट वापरूच नका, मागे पाइप लावून तर अजिबात नाही, आतली खिट्टी तुटते आणि हात सटकून बोटं फुटतात. सोडवायला साधा सरळ टॉमी घ्या, अठरा इंची किंवा चोवीस इंची, अर्धा इंच ड्राइव्हचा, त्यात बिघडण्यासारखं काही नसतं. पहिला झटका टॉमीने, मग रॅचेटने फिरवून काढायचं.

रिंग पाने (बंद गोल तोंडाचे) आणि फिक्स पाने (उघड्या तोंडाचे) यात मात्र मला फार डोकं चालवावं लागलं नाही कारण नानांच्या पेटीत वर्षानुवर्षं टापारियाचेच होते. टापारिया म्हणजे आपल्या नाशिकची, सातपूरची कंपनी, स्वीडनच्या कंपनीशी तांत्रिक सहकार्य करून सुरू झालेली, आणि आज तालुक्याच्या गावात जरी गेलात तरी हार्डवेअरच्या दुकानात यांची पकड मिळणार. नानांचा १२-१३ चा रिंग पाना वरचं क्रोम पार उडालेला आहे पण तोंड अजून घट्ट. मी कॉम्बिनेशन पाने घेतले, एका बाजूला रिंग एका बाजूला फिक्स, साइज दोन्हीकडे एकच. डबल पान्याचा सेट घेतलात तर ६-७, ८-९, १०-११, १२-१३, १४-१५, १६-१७, १८-१९, २०-२२ असे येतात, स्वस्त पडतात, पण एकाच बोल्टला पुढून आणि मागून दोन्हीकडे १२ धरायचा असेल तर एका पान्याने होत नाही, तिथे कॉम्बिनेशन पाना आणि गोटी अशी जोडी लागते. फिक्स बाजूने घट्ट नट सोडवायला जाऊ नका, ती फक्त दोन बाजूंना धरते, सुटलेला नट पटापट फिरवायला ती. सोडवायला आणि आवळायला रिंग. जालंधर-लुधियानाकडच्या कंपन्यांचे पाने पण खूप चांगले असतात, तिकडे हँड टूलचा मोठा उद्योग आहे आणि परदेशात माल जातो, फक्त नावं इतकी आहेत की ओळखीच्या दुकानदाराला विचारून घ्यावं.

आणि नकली माल. टापारियाच्या नावाचा मला एकदा नकली मिळालाय, दुकान आता बंद झालंय आणि नाव सांगण्यात अर्थ नाही. अक्षरं जरा पसरलेली होती, छाप उथळ होता, पाना हातात हलका लागत होता, पण घेताना मी लक्ष दिलं नाही कारण साठ रुपये कमी होते. तिसऱ्या वापराला फिक्स बाजूचं तोंड पसरलं, १४ चा पाना १४ च्या नटावर खडखड हलायला लागला. आता मी दुकानात जाताना खिशात १०, १२, १४ डोक्याचे तीन चांगले बोल्ट घेऊन जातो आणि प्रत्येक पाना-गोटी त्यावर बसवून बघतो. डावी-उजवीकडे हलवायचं, खेळ जास्त वाटला तर ठेवून द्यायचं. दुकानदार पहिल्यांदा बघत राहतो पण चांगला दुकानदार असेल तर स्वतःच दुसरा काढून देतो. बिल मागा, बिल म्हटल्यावर माल बदलतो हे मी दोनदा बघितलंय.

स्क्रू ड्रायव्हरबद्दल कुणी फारसं बोलत नाही पण जपानी गाडी किंवा बाइक असेल तर हे वाचाच. अधिक चिन्हासारख्या खाचेचा स्क्रू बघितला की आपण त्याला फिलिप्स म्हणतो आणि घरातला ड्रायव्हर लावतो. पण जपानी पद्धतीच्या स्क्रूची खाच थोडी वेगळी असते, जेआयएस म्हणतात तिला, फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण आत जात नाही, वरच्या वर टेकतं आणि जोर दिला की उसळून बाहेर येतं, दोन-तीन वेळा असं झालं की खाचेचं भोक होतं. बऱ्याच जपानी स्क्रूच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो, त्यावरून ओळखता येतं. माझ्या भावाच्या बाइकच्या मास्टर सिलेंडरच्या झाकणाचे दोन्ही स्क्रू असेच मारले गेले होते आणि भाऊ स्क्रूला मऊ मऊ म्हणून शिव्या घालत होता, ड्रायव्हर चुकीचा आहे हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. व्हेसल नावाच्या जपानी कंपनीचे ड्रायव्हर ऑनलाइन मिळतात, महाग आहेत, पण दोन नंबरचा एक घ्या, पुरतो. त्याच्या जोडीला हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या, पाचशे-सातशेत येतो. मागून हातोडी मारली की टोक आत दाबलं जातं आणि त्याच क्षणी जरासं फिरतं, त्यामुळे गंजलेला स्क्रू खाच न मारता सुटतो. कोकणात राहणाऱ्याने हा ड्रायव्हर नक्की ठेवावा.

टॉर्क रेंचवर, म्हणजे ठरवलेल्या जोरालाच नट आवळायच्या पान्यावर, मी खूप दिवस पैसे घातले नाहीत. नाना हाताच्या अंदाजाने आवळतात आणि त्यांचा अंदाज बरोबर असतो, पण त्यांनी चाळीस वर्षं रोज तेच केलंय, मी महिन्यातून एक रविवार करतो. माझं मत बदललं ते ड्रेन प्लगमुळे, म्हणजे ऑइलच्या चेंबरखालच्या तेल काढायच्या बोल्टमुळे. गाडी एकदा प्रवासात बाहेरच्या एका गॅरेजमध्ये सर्व्हिस केली होती, पुढच्या वेळी मी घरी प्लग काढायला गेलो तर तो इतका आवळलेला की निघताना चेंबरचे आटे घेऊन आला. चेंबरला नवे आटे पाडून घ्यायला लागले, दोन दिवस आणि पैसे गेले ते वेगळेच. मारुतीच्या पेट्रोल इंजिनांना ड्रेन प्लग साधारण ३५ न्यूटन मीटरला आवळायचा असतो, म्हणजे किती कमी ते बघा, एक फुटी पान्याच्या टोकाला साधारण बारा किलोचा जोर. लोक दोन्ही हातांनी लोंबकळतात त्याला.

चाकाचे नट माझ्या गाडीला ८५ न्यूटन मीटर आहेत, नव्या बऱ्याच गाड्यांना १०० किंवा त्याहून जास्त असतात, आपापल्या गाडीचं पुस्तक बघा. कमी आवळलं तर चाक सैल होतं, जास्त आवळलं तर स्टड, म्हणजे नट ज्या दांड्यावर बसतो तो, ताणला जातो, आणि मग रस्त्यात पंक्चर झाल्यावर गाडीतल्या त्या आखूड एल पान्याने कुणालाच सुटत नाही, माझी बायको एकदा हातखंब्याजवळ अशीच अडकली होती. त्यानंतर मी गाडीत लांब होणाऱ्या हँडलचा व्हील पाना ठेवला, १७-१९ ची गोटी असलेला, तिला आता एकटीला चाक बदलता येतं.

अर्धा इंची टॉर्क रेंच साधारण २८ ते २१० न्यूटन मीटरचा मिळतो, आवाज करून सांगणारा, अडीच-तीन हजारांपासून पुढे. चार टक्के इकडेतिकडे अशी खात्री देणारा आणि सोबत तपासणीचा कागद असलेला घ्या. खालच्या टोकाला हा विश्वासाचा नसतो, म्हणजे ३५ साठी हा वापरू नका, त्याला तीन अष्टमांशचा लहान वेगळा लागतो. दोन घ्यायचे पैसे नसतील तर आधी मोठा घ्या कारण चाकं जीवाशी जोडलेली आहेत. काम झालं की फिरवून सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, आत स्प्रिंग असते ती दाबलेली राहिली की आकडा चुकायला लागतो. आणि याने कधीही नट सोडवायचा नाही. अजून एक, आमच्याकडे चाकाचे स्टड गंजतात म्हणून बरेच जण त्यावर ग्रीस फासतात, मीपण फासायचो. ग्रीस लावलं की घर्षण कमी होतं आणि त्याच आकड्याला नट कितीतरी जास्त ताणला जातो. आता मी तारेच्या ब्रशने आटे साफ करतो आणि कोरडेच ठेवतो.

इथपर्यंत सगळं नटाला लागणारं झालं. आता जे गाडीला धरून ठेवतं त्याबद्दल, आणि इथे माझी हात जोडून विनंती आहे. गाडीसोबत येणारा कात्री जॅक फक्त चाक बदलायला असतो. त्यावर गाडी ठेवून खाली जाऊ नका, एक मिनिटासाठी नको, फक्त डोकं घालण्यासाठी नको. हायड्रॉलिक जॅकवरही नको, त्याचं सील गेलं की तो हळूहळू किंवा एकदम खाली येतो. आमच्या वाडीतल्या एकाचा हात असाच सापडला होता, तो वाचला, मनगट अजून पूर्ण वळत नाही. जॅकने फक्त उचलायचं, धरायचं काम स्टँडचं. स्टँडला आमच्याकडे घोडी म्हणतात. वॅगन आर सगळी मिळून नऊशे किलोच्या आतबाहेर आहे, त्यामुळे दोन टनी स्टँडची जोडी भरपूर होते, पण घेताना दोन टन एका स्टँडचे की जोडीचे हे विचारा कारण दोन्ही प्रकारे लिहितात. दातांवर अडकणारा स्टँड असतो आणि आरपार पिन घालायचा असतो, मी पिनवाला घेतला कारण पिन गेली की गेली, नुसतं बघून कळतं.

माझी खरी अडचण जमिनीची होती. आमचं खळं जांभ्याचं आहे, चिरे कुठे वर कुठे खाली, मध्ये लाल माती, आणि जूननंतर त्यावर शेवाळ. स्टँडचे चार पाय बारीक असतात, पहिल्याच वेळी एक पाय चिऱ्यांच्या सांध्यात अर्धा इंच रुतला आणि स्टँड कलला, नशीब खाली कुणी नव्हतं. मग मी दीड फूट बाय दीड फूट असे जाड प्लायचे चार तुकडे करून घेतले, दोन-दोन एकावर एक स्क्रूने जोडले, प्रत्येक स्टँडखाली एक, जॅकखाली वेगळी सागाची फळी. एवढं करून पावसाळ्यात मी गाडी उचलतच नाही, खालची सगळी कामं मे महिन्यापर्यंत उरकतो. मागच्या चाकांना दोन्हीकडून चिरे लावायचे, हँडब्रेक, पहिला गिअर, स्टँडवर घेतल्यावर गाडीला कमरेने जोराचा धक्का देऊन बघायचं, आणि काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवायचं, सगळं फसलं तरी तेवढी जागा उरते. जॅक कुठे लावायचा ते पुस्तकात चित्र काढून दिलेलं असतं, दाराखालच्या पट्टीत खाचा असतात तिथे, ऑइलच्या चेंबरला तर चुकूनही नाही. दोन टनी ट्रॉली जॅक आणि स्टँडची जोडी मिळून मला चार हजारांच्या थोडे वर पडले. पैसे कमी असतील तर गोट्या दोन महिने पुढे ढकला पण स्टँड आधी घ्या.

बाकीचं पटकन सांगतो. आठ इंची पकड आणि लांब नाकाची पकड, टापारियाच्या, डोळे मिटून घ्या. वॉटर पंप पकड होजच्या क्लिपसाठी. व्हाइस ग्रिप एक, गोल झालेल्या नटासाठी शेवटचा उपाय म्हणून. एक किलोची हातोडी आणि एक नायलॉनची. ब्रेकचा पिस्टन मागे ढकलायला सहा इंची जी क्लॅम्प, पॅडचा जुना तुकडा मध्ये ठेवून. स्पार्क प्लगची गोटी रबर किंवा मॅग्नेटवाली, आधी आपला साइज बघा, कुठल्या गाडीला १४, कुठल्याला १६ तर जुन्यांना २१ लागतो, माझ्या त्या मोठ्या डब्यात नेमकी २१ ची होती आणि माझ्या गाडीला ती जातच नाही. डोक्याला लावायचा दिवा. स्क्रू पाना मी गाडीला वापरत नाही, नळाला वापरतो.

कुठून घेतलं तर पाने-पकडी रत्नागिरीच्या बाजारातूनच, नंतर बदलून घ्यायचं झालं तर माणूस समोर असतो. सुट्या गोट्या, टॉमी, टॉर्क रेंच मुंबईहून, मस्जिद बंदरच्या बाजूला नागदेवी स्ट्रीट आहे तिथे हत्यारांची दुकानं एकाला एक लागून आहेत, सकाळी अकराच्या आसपास जा, गर्दी व्हायच्या आत दुकानदार डबे उघडून दाखवतात. पुण्यावाल्यांना रविवार पेठेतली बोहरी आळी आहेच. ऑनलाइन मी फक्त जपानी ड्रायव्हर आणि स्टँड मागवले, कारण इथे मिळाले नाहीत. गोटी-पाना ऑनलाइन घेत नाही, बोल्टवर बसवून बघता येत नाही ना.

हत्यारं टिकवण्याबद्दल समुद्राजवळच्या लोकांसाठी दोन शब्द. फोमचे खाचे असलेला डबा पावसाळ्यात ओल धरतो, माझ्या पहिल्या सेटला ऑगस्टमध्येच तांबूस डाग पडले, आणि एकदा क्रोम फुगलं की त्याचे पापुद्रे ब्लेडसारखे लागतात, तळव्यात घुसलेत माझ्या. आता पत्र्याची पेटी आहे, आत शिवणयंत्राच्या तेलात भिजवून पिळलेलं जुनं धोतर, काम झालं की प्रत्येक पाना पुसून त्यात. खोबरेल लावू नका, थंडीत थिजतं आणि नंतर चिकट होऊन धूळ धरतं. पेटी जमिनीवर नाही, पडवीतल्या फळीवर. असं ठेवल्यापासून पाच पावसाळे गेले, गोट्यांवर डाग नाही.

शेजारच्या पोराला शेवटी यादी करून दिली, स्टँडची जोडी, टॉमी, १०-१२-१४-१७-१९ च्या सहा कोपऱ्यांच्या गोट्या, रॅचेट, कॉम्बिनेशन पाने, दोन पकडी, जपानी ड्रायव्हर. पगार झाल्यावर त्याने पहिले स्टँड मागवले, गोट्या दिवाळीला घेणार आहे, तोवर माझ्या वापरतो. मला स्वतःला आता १० चा फ्लेअर नट पाना हवाय, ब्रेकच्या पाइपचा नट मऊ असतो आणि साध्या फिक्स पान्याने गोल होतो, हा पाना रिंगसारखा असतो फक्त पाइप आत जाण्यापुरती फट असलेला. इथे दोन दुकानांत विचारलं, दोघांनी फिक्स पानाच पुढे केला. पुढच्या आठवड्यात मुंबईला जाणं आहे, नागदेवीला बघतो, मिळाला की मागच्या चाकाची गंजलेली ब्रेक पाइप बदलायची आहे, नाना म्हणालेत ती पावसाच्या आत झालीच पाहिजे.